पथकापुढची मेथी

केंद्राचं पथक दुष्काळ पाहायला रेणापूरजवळच्या एका गावात आलं. लातूर जिल्हा नवा होता. दिल्लीने राज्याला पैसे दिले, तरच गावाची विहीर होणार होती. मी कारकून म्हणून सोबत होतो.

एक म्हातारी भांडी धुतलेलं पाणी ओंजळीने मेथीच्या वाफ्याला घालत होती.

"मावशी, ते हिरवं उपटा आधी," तलाठी कुजबुजला. "सायबांना दुष्काळ दिसायचा न्हाई."

तिने पदराला हात पुसले, एक जुडी खुडली आणि दिल्लीच्या साहेबांपुढे धरली.

"भाजी न्या, बाबा. पाणी तेवढं मागू नका. घरात न्हाई."

तलाठ्याने हिंदीत सांगितलं. साहेबांनी पाणी प्यायला उघडलेला थर्मास तसाच बंद केला.

पैसे मंजूर झाले. विहीर खणली, तेव्हा म्हातारी नव्हती. विहीर आहे. पाणीही आहे.