आमच्या रेवाची मम्मा

मांडवपरतणी आटोपून आम्ही पुण्याला निघालो, तेव्हा ट्रॅव्हल्सची गाडी शेलूबाजारला थांबायलाच तयार नव्हती. बाबांनी आपली काळीपिवळी जीप हायवेवर आडवी लावली, म्हणून थांबली. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, बाबांनी त्याहून सरस परत केल्या, आणि तेवढ्या गोंधळात आईने रडत रडत तुरीच्या डाळीची पिशवी माझ्या मांडीवर टाकली. बाबा रडले नाहीत. ते खिडकीखाली उभे राहून, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या नवऱ्याला सांगत होते, "जावईबापू, इंग्रजीत एमे हाय आमची वर्षा. पुन्यात तिले काईच अडचन नाई. उलटी तुमालेच शिकवन."

जावईबापू हसले. मला ते हसणं तेव्हा गोड वाटलं होतं.

शेलूबाजारातच राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, "पुन्यात मज्या हाय ना तुही?" मी हो म्हणते. आणि ज्या माझ्यासारख्याच निघाल्या, पुण्याला, बंगळूरला, कुठल्याशा बर्फाच्या देशात जाऊन पोचल्या, त्या तर विचारतही नाहीत. त्यांना ठाऊक असतं. तुम्हा दोन्ही प्रकारच्या मैत्रिणींसाठी हे लिहिते आहे.

आपल्याकडे इंग्रजी म्हणजे खान सर, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या भावाच्या कापडदुकानाच्या माडीवर त्यांची शिकवणी. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि तोंडात एकच सिद्धांत: "इंग्रजी का कोई माई-बाप नहीं. लिखते एक, बोलते एक. पेपर में बोलना है क्या? लिखना है. तो जैसा लिखा है, वैसाच बोलो." म्हणून आम्ही क्नाइफ म्हणायचो, वेड-नेस-डे म्हणायचो, डेब्ट म्हणताना त्यातला ब असा आपटायचो की खाली दुकानात गिऱ्हाईक वर बघायचं. एक अक्षर सुटलं नाही आमच्या तावडीतून. मेडशीपासून इंझोरीपर्यंतची पोरं त्या माडीवर येऊन पास झाली. पुढे वाशिमला कॉलेजात दोन प्राध्यापक भेटले, एक ऑफन म्हणणारे आणि एक ऑफ्टन म्हणणारे. त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. ज्यांचा तास असेल त्यांच्यासारखं आम्ही बोलायचो. उच्चारावरून माणसं यापेक्षा जास्त काय भांडणार, असं मला वाटायचं.

पुण्यात कळलं की भांडण ही बरोबरीच्या माणसांची चैन असते.

सासरे बँकेतून निवृत्त झालेले. मूळचे कारंज्याचे, म्हणजे आपल्यातलेच, पण पुण्यात कोणी गाव विचारलं तर 'नागपूर साइड' म्हणतात. घरात त्यांचाच कान सगळ्यांत तिखट. नणंद मानसीताई, लग्न न केलेली, कंपनीत रोज अमेरिकन लोकांशी फोनवर बोलायची. जेवताना सासरे शेड्यूल म्हणत, ती स्केज्यूल म्हणे, मग दोघांची जुंपे. ब्रिटिश बरोबर की अमेरिकन बरोबर, या इंग्रजांना स्वतःची भाषा तरी धड लिहिता येते का, असं करत गाडी रंगात यायची. सासूबाई आणि नवरा मधूनमधून चिमटे काढायचे. मी काही बोलले की मात्र वाद होत नसे. त्यांच्या उच्चाराला देश होता, माझ्या उच्चाराला तालुका. एकदा मी खान सरांच्या पद्धतीने डेब्ट म्हणून गेले. कोणी चूक दाखवली नाही, तितके ते सभ्य आहेत. सगळ्यांनी ताटात बघितलं. थोड्या वेळाने सासरे आमटी वाढून घेताना सहज म्हणाले, "आमच्या वेळी बँकेत डेट रिकव्हरी फार अवघड असायची." बोलणं भाजीवर चाललं होतं, 'डेट'चा त्यात काही संबंध नव्हता. मी आमटीची वाटी पुढे केली.

पाहुणे आले की मानसीताई म्हणायची, "वहिनी, एकदा बाऊल म्हण ना." त्यांच्यात 'बोल' म्हणतात. मी बाऊल म्हणायची. सगळे हसायचे, मीही हसायची. खोटं कशाला सांगू, पहिलं वर्षभर मला ते लाड वाटले.

मग रेवा झाली आणि बघता बघता शाळेच्या वयाची झाली. घरच्यांनी एक शाळा ठरवली होती. तिथे आईबापांनाही बोलावतात. मुलाखत म्हणायचं नाही, मुलाखत घ्यायला बंदी आहे, 'इंटरॅक्शन' म्हणायचं. त्याची तयारी करून घेणाऱ्या एक बाई असतात, त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, मुलीला राग आला तर तुम्ही काय करता? मी चांगलं उत्तर दिलं. शब्द चुकला नाही, व्याकरण चुकलं नाही. बाई ऐकत होत्या, पण बघत होत्या माझ्या नवऱ्याकडे. शेवटी म्हणाल्या, "आईंचं प्रोनन्सिएशन... वेळ कमी आहे हो."

घरी आल्यावर नवऱ्याने ते सगळ्यांसमोर सांगितलं. मानसीताई गमतीत म्हणाली, "मग मीच जाऊ का वर्षा बनून?" ती हसली, सासरे हसले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "कोण बघतंय तिथे? कागदावर तर नाव हिचंच आहे." सख्खी बहीण भावाची बायको म्हणून बसणार, आणि त्या घरात एकालाही ते विचित्र वाटलं नाही. विचित्र मीच होते. नवऱ्याने मला आत नेऊन समजावलं, "अर्ध्या तासाचा प्रश्न आहे गं. रेवाच्या आयुष्याचा प्रश्न आहे." मी विचारलं, रेवा तिला आत्या म्हणेल, त्याचं काय? त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. "ती तुला आई म्हणते. मम्मा कोणालाच म्हणत नाही. मम्मा मानसी. तुझं काय जातंय त्यात?"

'नाही' तर मराठीतही म्हणता येतं. मी रेवाला भरवायला घेतलं.

मग रेवाची शिकवणी सुरू झाली. आत्याला मम्मा म्हटलं की हातावर चांदणीचा स्टिकर. माझ्याकडे बोट दाखवून विचारायचं, ही कोण? 'काकू' म्हटलं की दोन स्टिकर. पोरगी हुशार. दोनतीन दिवसांत तिचा हात चांदण्यांनी भरला आणि तो दाखवायला ती माझ्याकडेच धावत आली.

जायच्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "मंगळसूत्र दे जरा तुझं," त्या म्हणाल्या. "मानसीचा गळा मोकळा दिसतो." मी काढून दिलं. ओट्याशी उभी राहून मी पोहे परतत राहिले. मधेच गळ्याला हात जाई आणि हाताला काही लागत नसे. मला राग आला होता. तो अजून आहे, पण त्या दिवशी मी त्याचं काही केलं नाही. परत आल्यावर मानसीताईने मंगळसूत्र माझ्या हातात ठेवलं. "वहिनी, त्या मॅडम म्हणाल्या, यू आर सच अ वॉर्म मदर." तिने मला मिठीही मारली. रेवाला प्रवेश मिळाला.

अर्धा तास काही संपला नाही. शाळेला वर्षा मॅम म्हणजे मानसीताई ठाऊक. पालकसभेला ती, स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत ती, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही तीच. मी फक्त न्यायला-आणायला. फाटकाशी रेवा मला काकू म्हणे आणि तिच्या वर्गाच्या बाई मला मावशी म्हणत. पुण्यात शाळेतल्या कामवाल्या बाईला मावशी म्हणतात, हे एव्हाना मी शिकले होते. गेल्या वर्षी मानसीताईला कंपनीने कॅनडाला पाठवलं. मला वाटलं, सुटले. मी सासऱ्यांना म्हणाले, आता मी जाईन शाळेत. ते शांतपणे म्हणाले, "आणि काय सांगणार? आपण खोटं बोललो म्हणून? अ‍ॅडमिशन रद्द होईल." मग नवऱ्याने शाळेला कळवलं, रेवाची आई नोकरीसाठी कॅनडाला गेली आहे. बाईंना वाईट वाटलं. त्यांनी वर्गातल्या मुलांना सांगितलं, रेवाशी सगळ्यांनी प्रेमाने वागायचं, तिची मम्मा जवळ नाही.

हिवाळ्यात बाबा पहिल्यांदाच पुण्याला आले. आल्या आल्या म्हणाले, "नातीले आनाले मी येतो." मी नाही म्हणाले, दमला असाल म्हणाले, फार लांब आहे म्हणाले. ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "काहून नाई म्हनतं? म्या का शाळा पायली नाई?"

शाळा सुटायची वेळ. बाई मुलांना एकेक करून सोडत होत्या. मी पुढे व्हायच्या आत बाबांनी हात जोडले. "नमस्कार म्याडम. मी रेवाच्या आईचा बाप. शेलूबाजारहून आलो, वाशिम जिल्हा. माही पोरगी इंग्रजीत एमे हाय."

बाईंचा चेहरा उजळला. "वर्षा मॅमचे फादर? अहो, किती सुंदर इंग्लिश आहे त्यांचं. पहिल्या इंटरॅक्शनपासून लक्षात आहेत त्या आमच्या."

बाबांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. माझ्या लग्नातसुद्धा ते इतके खूश नव्हते. काळीपिवळीत बसणाऱ्या प्रत्येक पॅसेंजरला जे ते इतकी वर्षं सांगत आले, ते पुण्याच्या शाळेने मान्य केलं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, "कॅनडात आता खूप थंडी असेल ना? बोलणं होतं का त्यांच्याशी?"

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. ते अडाणी नाहीत. लोकांची चढउतार करण्यात आयुष्य गेलंय त्यांचं, कोण कुठे जातंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं.

माझ्याने राहवलं नाही. प्रवेश रद्द होवो, घर मोडो, काय व्हायचं ते होवो, पण माझ्या बापासमोर नाही. मी म्हणाले, "मॅडम, वर्षा मी आहे. रेवाची आई मी आहे." आधी मराठीत म्हणाले, मग इंग्रजीत. घाईत 'डॉटर' म्हणताना माझं तोंड खान सरांच्या माडीवर गेलं आणि जी-एचसकट त्यातलं एकही अक्षर मी सोडलं नाही.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्या खाली वाकल्या आणि त्यांनी रेवालाच विचारलं, "रेवा, हू इज शी?"

रेवाने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी ओळखते. परीक्षा चालू असल्याचा चेहरा. तिने पाठ ताठ केली आणि स्वच्छ, गोड, कुठल्याच तालुक्याच्या नसलेल्या आवाजात सांगितलं, "शी इज माय काकू. माय मम्मा इज इन कॅनडा."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी समजू शकते मावशी. तुम्ही आईसारखंच करता तिचं." आणि त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

आम्ही तिघं चालू लागलो. शाळेच्या गल्लीच्या टोकाला एक मेडिकल आहे. तिथून पुढे शाळेतलं कोणी भेटत नाही. रेवाला ते बरोबर माहीत आहे, तिला कोणी शिकवलेलं नाही. मेडिकल ओलांडलं तसा तिने माझा हात धरला आणि विचारलं, "आई, मी बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर," मी म्हणाले.

बाबा सगळं ऐकत होते. त्याच संध्याकाळी ते परत निघाले, दोन दिवस राहायला आलेला माणूस. गाडीची वाट बघताना मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, मंगळसूत्रासकट. मला वाटलं होतं ते भडकतील, सासऱ्यांची कॉलर धरायला निघतील, निदान म्हणतील की पोरीले घे आन चाल माह्यासंगं. मी निघाले असते. खरं सांगते, अंगावरच्या साडीनिशी निघाले असते. त्यांनी समोर आलेल्या एका गाडीची पाटी वाचली, ती त्यांची नव्हती. मग म्हणाले, "नात मस्त बोलून राह्यली व इंग्रजी. चांगली शाळा हाय. तिले इथंच राहू दे. तुह्यासारखं नोको होऊ देऊ तिचं."

गाडी आली, ते चढले. खिडकीतून त्यांनी हात केला की नाही, मी बघितलं नाही.

आई फोनवर सांगते, बाबा आता गाडीत तुझं नाव काढत नाहीत, गप्प चालवतात. आणि मग विचारते, घरी कधी येशील? तुम्हीही विचारता. मी काय सांगू? शेलूबाजारला मी कोण आहे ते बाबांनी मला सांगितलं, आणि पुण्यात मी कोण आहे ते रेवाने. सासरच्या दारात पाऊल टाकलं की सासरे तिला विचारतात, "हाऊ वॉज युवर डे?" आणि ती माझा हात सोडून त्यांच्याकडे पळते. उरतो तो मेडिकलपासून दारापर्यंतचा रस्ता. तेवढ्यात ती मला आई म्हणते, तिची बडबड चालू असते, आणि मी मध्येच वऱ्हाडीत काहीतरी बोलले तर हसत नाही. घर म्हणाल तर तेवढंच आहे. मी तो रस्ता हळू चालते.