छर्रा तिरका बसत होता

बारावीच्या वर्षी माझे छर्रे भरकटायला लागले. दहा मीटरवरच्या पुठ्ठ्यावर चार छर्रे एका जागी बसायचे आणि पाचवा बोटभर डावीकडे जायचा. कधी तिसराच जायचा. विभागीय स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती.

एअर रायफल आमच्या क्रीडाशिक्षिका बाईंची होती. पोखर्णीजवळच्या आमच्या गावातून मी रोज परभणीला कॉलेजला जायची. तिथल्या एका रिकाम्या खोलीत बाईंनी मला नेम धरायला शिकवलं. घरी सराव व्हावा म्हणून रायफल माझ्याकडे ठेवायलाही त्यांनी मागंपुढं पाहिलं नाही. मेंढ्यांच्या वाड्यामागे वाळूची पोती रचून मी नेम धरायची. वडील मेंढरं घेऊन रानात गेलेले असत आणि आई पोत्यांपासून लांब बसून शेंगा फोडायची.

बाई म्हणाल्या, श्वास सुटतोय. मी श्वास सांभाळला. मग म्हणाल्या, खांदा ढिला पडतोय. खांदाही आवळला. पाचवा छर्रा जायचा तिकडंच जात राहिला. एका सकाळी मी रायफल पेटीत ठेवली आणि आईला म्हणाले, "मला न्हाई जमत. बाईंना परत देऊन येते."

आईनं शेंगा खाली ठेवल्या. "तू रोज येगळी मारतीस का एकसारखी?"

"एकसारखीच."

"मग तुज्यात काय बदललंय? त्या नळीत काय झालंय का ते कुणी बगितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. आईची शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक चाचा पाथरीत होते. बारीक लोखंडातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, असं आईचं मत होतं. आम्ही जीपनं पाथरीला गेलो. मांडीवरची लांबट पेटी बघून शेजारच्या बाईनं विचारलं, "बासरी हाय का?" आई म्हणाली, "व्हय."

चाचांनी रायफलला लगेच हात लावला नाही. "चीज कुणाची?" मी बाईंचं नाव सांगितलं. "मग आधी त्यांची इजाजत." मी बाईंना फोन लावून चाचांच्या हातात दिला. बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. चाचा एवढंच बोलले, "बेफिक्र राहा. खोलायच्या आधी बघीन, घासायच्या आधी परत विचारीन."

आधी त्यांनी छर्रे मागितले. छर्रा शिशाचा, डमरूसारखा असतो. पुढं डोकं, मधे कंबर, मागं पोकळ घेर. काचेचा तुकडा जरा तिरपा धरून त्यांनी एकेक छर्रा त्यावरून सोडला. बहुतेक एकाच गोलाईत घरंगळले. तीन मात्र डुगडुगत गेले, त्यांचा घेर चेपलेला होता. मला वाटलं, सापडलं!

"थांब बेटा," चाचा म्हणाले. "पन्नासात तीन खराब. तुझा तर पाचातला एक जातोय. हिशोब जुळत न्हाई."

मग नेम धरायच्या पट्टीचे स्क्रू तपासले. घट्ट होते. शेवटी त्यांनी मला नळी बिजागरीवर खाली वाकवून रोजच्यासारखा छर्रा अंगठ्यानं बसवायला सांगितलं. छर्रा बसला की त्याच्या वरच्या बाजूला ते पेनानं ठिपका द्यायचे आणि समोरून बारीक लाकडी काडीनं हळूच मागं ढकलून काढायचे. असे दहा काढले. आठ स्वच्छ होते. दोघांच्या घेरावर एक चरा होता आणि दोन्हींवर तो ठिपक्याच्या डाव्या हाताला, एकाच जागी.

भिंग लावून त्यांनी मला नळीचं मागचं, छर्रा बसवायचं तोंड दाखवलं. काठावर नुसत्या डोळ्याला न दिसणारी लोखंडाची एक धारदार कोर उठली होती. छर्रा तिला अडला की एका बाजूनं सोलला जायचा आणि तिरका बसायचा.

"नळी कशानं पुसतीस?"

"लोखंडी गजाला फडकं गुंडाळून."

"इकडूनच घालतीस?"

मी होय म्हणून मान हलवली. पाच-सहा महिने दर रविवारी मीच तो गज त्या काठावर आपटत होते. बाईंच्या रायफलवर जीव लावते आहे असं समजून.

चाचांनी परत फोन करून विचारलं. मग गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला पॉलिश लावून तो काठावर चिमटीनं फिरवत राहिले. दोन फेरे आणि भिंग, दोन फेरे आणि भिंग. आईनं हातातलं काम सोडून इतका वेळ कुणाकडं बघितलेलं मला आठवत नाही. कोर गेल्यावर त्यांनी नळी पुसली आणि दहा छर्रे पुन्हा बसवून काढले. एकावरही चरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर दहा छर्रे मारले. दहाही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. मग गजाचं सांगितलं. सांगताना रडू आलं. बाई म्हणाल्या, "गज मीच दिला होता की. आणि श्वास, खांदा असं म्हणत मी तुला उगीच आठवडाभर छळलं. माझं चुकलं."

शिक्षकानं असं म्हणलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

स्पर्धेत मी सातवी आले. पदक नाही, पण पुढच्या फेरीत नाव लागलं आणि त्यातूनच पुढं खेळ माझ्या पोटापाण्याचा झाला. आता चुडाव्याच्या बाजूला एका शाळेत मी मुलींना शिकवते. एखादीचा नेम चुकायला लागला की मी आधी रायफल मागून घेते.

चाचांना निकाल सांगायला आई एकटीच पाथरीला गेली. मशीनचं काही काम नव्हतं. भाकरी आणि कारळाची चटणी बांधून घेतली होती. परत आल्यावर म्हणाली, "सातवी म्हणलं तर लय खूश झाले. म्हणाले, पुढच्या सहाजणींच्या नळ्या कोण बगतंय ते इचारून ये."