गाडीतून येणाऱ्या बायका

धुलाई कारखान्यातल्या मुकादम बाईंना पाठीमागे सगळे ‘कडक इस्त्री’ म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं, आणि नाव आवडतही असावं. केलेलं काम आणि उरकलेलं काम त्यांना लांबून ओळखू येई. चादरीला सुरकुती दिसली की ती पुन्हा भिजलीच म्हणून समजा.

कापड सगळं रुग्णालयांचं. ओली चादर दोघींनी ताणून धरायची, कड गरम रोलरखाली द्यायची आणि हात झटकन मागे घ्यायचा. हात नेमका कुठे सोडायचा, हे बाई रोज भोंग्याआधी स्वतः करून दाखवत. कायमच्या बायकांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तरी उभ्या राहत, कारण कडक इस्त्रीपुढे जांभई द्यायचीही सोय नव्हती.

काम वाढलं की एजन्सीच्या बायका येत. आधीच्या दलालाने तोंडाला पानं पुसली होती, म्हणून साहेबांनी मुद्दाम परवाना असलेली एजन्सी धरली. परवाना पाहिला, आपलं काम संपलं, असं त्यांना वाटे. बाईंनाही तसंच वाटे.

एके सकाळी एजन्सीतली एक उंच बाई, जिला सगळ्या ‘शिडी’ म्हणत, एकाच हाताने चादरी ओढताना दिसली. इतक्या उकाड्यात दुसऱ्या हाताच्या बाहीचं बटण लावलेलं. बाईंनी तिला नळापाशी नेलं आणि बाही वर केली. मनगट भाजून लालबुंद झालं होतं.

“मघाशी लागलं,” शिडी म्हणाली. “ताई, एजन्सीला कळवू नका. उद्या गाडीत माझ्या जागी दुसरी बसेल.”

बाईंनी तिचा हात गार पाण्याखाली धरला. “हात कुठे सोडायचा, ते रोज घसा फोडून सांगते ना मी?”

“कधी सांगता?” शिडीने साधेपणाने विचारलं.

एजन्सीची गाडी यायची ती भोंगा होऊन गेल्यावर. उतरणाऱ्यांना फक्त ‘जमेल ना?’ एवढं विचारलं जाई. नाही म्हटलं तर उद्या बोलावणार नाहीत, या धास्तीने सगळ्या मान डोलावत. त्या माना बाईंनी खऱ्या धरल्या होत्या.

शिडीला दवाखान्यात धाडून बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, ती बाई एजन्सीची आहे, त्यांना कळवतो, ते दुसरी पाठवतील.

“चादरी आपल्या, रोलर आपला,” बाई म्हणाल्या, “आणि भाजलेला हात तेवढा एजन्सीचा?”

साहेबांनी एजन्सीला फोन लावला. पलीकडच्याने गोड आवाजात बदली बाई देऊ केली.

“बदली नको,” साहेब म्हणाले. “तिलाच पाठवा, बसून करायचं काम देतो. आणि गाडी भोंग्याआधी लागली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा उशिरा आली. बाईंनी तोवर रोलर सुरूच केला नाही. कायमच्या बायका कुरकुरल्या, साहेब दोनदा डोकावून गेले. बायका उतरल्यावर बाईंनी आधी करून दाखवलं, मग थंड रोलरवर एकेकीकडून करवून घेतलं. जमेल ना, असं कोणालाच विचारलं नाही.

एका पोरसवदा बाईचा हात रेंगाळला. बाईंची नजर तेव्हा दुसरीकडे होती.

“ताई,” घडीच्या टेबलामागून, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, शिडी म्हणाली, “तिचं पुन्हा बघा.”