डावा पाय

वाळूजच्या एका कंपनीत मी मोटारीच्या कॉइल गुंडाळायचे. यंत्र चालू-बंद करायचा खटका पायाखाली होता, उजव्या. आठ तास उजवा पाय दाब-सोड करायचा आणि डावा नुसता उभा राहायचा. त्या डाव्या पायानं पुढं मला किती छळलं, ते सांगते.

शेजारच्या यंत्रावरची मुलगी विद्यापीठाजवळच्या वस्तीत राहायची. भावानं कुठूनतरी आणलेली गिटार ती वाजवायची. एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये तिनं वॉकमनचा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. पुण्याच्या कुठल्याशा होस्टेलातून हातोहात आलेली, हेवी मेटल म्हणतात त्या इंग्रजी गाण्यांची कॅसेट होती. गाणाऱ्याचं ओरडणं मला काही कळलं नाही. पण त्याच्या मागं जे धडधडत होतं, त्यानं माझ्या बरगड्या हलल्या.

"किती जण वाजवतायत हे?" मी विचारलं.

"एकच माणूस. दोन्ही पायांनी वाजवतो."

गुलमंडीच्या दुकानातून मी ती कॅसेट भरून आणली आणि घरी बसून पाय आपटायला लागले. आम्ही हर्सूलला दोन खोल्यांत राहायचो. आईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दादा, म्हणजे माझे वडील, शहरात येऊन एका गोदामावर वॉचमन झालेले. आई म्हणायची, "बसल्या जागी पाय हलवू नाय, चांगलं नसतं." मी पाय थांबवायचे. भाकरीचा दुसरा घास घेईपर्यंत तो पुन्हा सुरू व्हायचा.

ड्रम होते छावणीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मास्टरांकडं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं सगळं सामान असायचं. मैत्रिणीनंच ओळख काढली. मुलगी शिकणार म्हटल्यावर ते जरा थांबले, मग हातात काड्या दिल्या. "पैले हात. पावां बाद में."

मला पाय हवे होते आणि ते मला हातच देत राहिले. काडी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, बाकीची बोटं सैल. कातड्यावर पडलेली काडी आपोआप उडते, तिला बोटांनी नुसतं परत ढकलायचं. खांद्यातून मारलं की दोन मिनिटांत हात दगडासारखा होतो. मी खांद्यातूनच मारायचे.

"हल्लू मारो, बेटा. कायकू भाग रै?"

हळू मला जमायचंच नाही. हळू वाजवताना प्रत्येक चूक ऐकू यायची.

दुसऱ्या पायासाठी मास्टरांच्या अडगळीतला एक जुना बेस ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, आम्ही पुसून काढला. त्याचं पॅडल मोडकं होतं. कंपनीतल्या एका फिटरनं त्याला नवी स्प्रिंग बसवून दिली. आता दोन ड्रम, दोन पॅडल. मी बसले आणि कॅसेटसारखं वाजवायला गेले. उजवा पाय धावला. डावा दोन ठोक्यांनंतर मागं पडला, मग चुकीच्या जागी पडायला लागला. नडगीत आग. घरी जाताना मी लंगडत होते आणि रडायला येत होतं, रागानं.

मास्टरांनी सांगितलं ते एवढंच, की टाच उचल, मांडी सैल सोड, घोट्यातून मार, आणि सुरुवात डाव्या पायानं कर. ऐकायला सोपं होतं. बसमध्ये, रेशनच्या रांगेत, यंत्रासमोर मी डावा आधी, उजवा नंतर असं करत राहिले. शेवटी सुपरवायझरनं विचारलं, लघवीला जायचंय का.

त्याच महिन्यांत विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा तापलं. कुठं बंद, कुठं मोर्चा. कधी बस अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची. जेवणाच्या सुट्टीत बायकांचे डबे हॉलच्या दोन टोकांना उघडायला लागले. आम्ही दोघी यंत्राजवळच बसायचो.

"तुझ्या घरचे काय म्हणतात?" तिनं एकदा विचारलं.

"जाऊ नको म्हणतात."

"मोर्चाला का माझ्याकडं?"

"दोन्हीकडं."

"आणि तू?"

"नाव बदलायलाच पायजे," मी म्हटलं. तिनं तिच्या डब्यातली चटणी माझ्या भाकरीवर घातली.

नामांतर जाहीर झालं त्या दिवशी अजिंठ्याकडच्या आमच्या गावाहून चुलते जीप घेऊन आले. शहरात काय होईल सांगता येत नाही, चला. दादांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि बोचकं उचललं. मी नाही म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

गावात करायला काही नव्हतं. वाड्यात मेंढरं, ओट्यावर माणसं, सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. मी सरकी पेंडीच्या पोत्यावर काड्या मारायचे आणि खाली मातीत पाय. कॅसेट नव्हती, वॉकमन नव्हता, म्हणून पहिल्यांदाच हळू वाजवलं. डोक्यात मात्र मैत्रीण होती. वस्तीत काय चाललं असेल, कुणाला लागलं तर नसेल? विचार आला की पाय सुटायचे, मग पुन्हा हळू.

चुलते आईला म्हणाले, "ही पोरगी अशी थरथरती कशानं?"

"तिला सवय हाय," आई म्हणाली. त्याहून जास्त तिनं काही सांगितलं नाही, याचं मला बरं वाटलं.

परत कामावर गेले तेव्हा मैत्रीण यंत्रावर होती. घसा पार बसलेला, डोळे हसरे. वस्तीत तीन रात्री गाणी चालली होती.

"तू नव्हतीस," ती म्हणाली.

"नेलं मला."

"व्हय. माहितीय."

संध्याकाळी आम्ही छावणीत गेलो. मी बसले, डाव्यानं सुरुवात केली, आणि दोन्ही पाय एकमेकांमागं पडत राहिले, सरळ, मध्ये फट न पडता. मास्टरांनी बिडी विझवली. तिनं गिटार जोडून घेतली. जे बरंच काही आम्ही बोललो नाही, ते त्या दिवशी वाजवलं असेल. मला तरी तसं वाटलं.

कंपनीच्या स्नेहसंमेलनात आम्ही नाव दिलं. सगळ्यांना सिनेमातलं गाणं अपेक्षित होतं. आम्ही कॅसेटमधलं वाजवलं. थोड्याच वेळात कुणीतरी गिटारची वायर उपटली. मला ते कळलंच नाही. मी खाली मान घालून एकटीच वाजवत होते. मग डाव्या पायाला गोळा आला आणि सगळं एकदम थांबलं. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. ती माझ्याकडं वळली आणि इतकी हसली, की गिटार खाली ठेवावी लागली.

वर्षभरात तिला पुण्याला नोकरी लागली. वॉकमन ती मला देऊन गेली. मी मास्टरांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले, आधी सुट्टीच्या दिवशी, मग कंपनी सोडून. दादांनी आठवडाभर अबोला धरला, मग वाजवायला जाताना सायकलवर सोडायला लागले. तिथं पायाचा मोठा ड्रम नेहमी एकच. लग्नांत संथ गाणी जास्त. नवरा-नवरी खुर्चीवर, पाहुणे पंगतीत, आणि माझा डावा पाय जमिनीवर मोकळा. एकदा पैठणला गाणाऱ्या बाईंनी सूर लांबवला, तेव्हा मला राहवलं नाही. मधल्या जागेत उजव्या पायाला एकट्याला जेवढं धावता येईल तेवढा तो सोडला. बाईंनी गाता गाताच मान वळवून माझ्याकडं बघितलं. मास्टर कीबोर्डवाल्याच्या मागं तोंड लपवून हसत होते.