अप्पांची अश्वगंधा

बिदरच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले त्या वर्षीचा हिवाळा अजून आठवतो, कारण त्या हिवाळ्यात माझे वडील पुन्हा चालू लागले होते.

गुडघ्यांनी अप्पांना बाजेवर बसवलं होतं. मग बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याकडून त्यांनी अश्वगंधेची पूड आणली. थोड्याच दिवसांत आमच्या गावच्या, खटकचिंचोळीच्या शेतापर्यंत ते एकटे जाऊन यायला लागले. मी शनिवारी गावी गेले की बांधावरनंच ओरडायचे, "बघ, कसा चालायलोय!" त्या हाकेसाठी मी आठवडाभर शनिवारची वाट बघायची.

पण त्यांचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसायला लागला. आमच्या प्रयोगशाळेत ताकदीच्या पुड्या आणि कॅप्सूल तपासायला यायच्या. आत सांगितलेलीच वनस्पती आहे का, दुसरं काही मिसळलंय का, हे आम्ही बघायचो. मी अप्पांच्या डब्यातली थोडी पूड नेली.

आमच्या वरिष्ठ बाईंना सगळे अक्का म्हणायचे. त्यांनी अस्सल अश्वगंधेशी ताडून बघायला लावलं. जुळली. मला हायसं वाटलं. मग भेसळीच्या चाचणीत आलेखावर नको ते टोक उभं राहिलं. स्टेरॉइड! दुखणं दाबणारं, पण चेहरा सुजवणारं औषध. अक्कांनी नव्यानं नमुना घेऊन पुन्हा तपासायला लावलं. टोक तिथंच.

"एकदम बंद करायला लावू नको गं, जिवावर बेतंल," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरकडं ने."

घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी डब्याचं झाकण काढून आत बघितलं. मग म्हणाले, "पूड खोटी म्हणतीस. पण मी चालायलो होतो, ते तर खरं होतं की न्हाई?"

मी तो डबा पिशवीत घातला आणि त्यांना डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी पुडीऐवजी स्टेरॉइडच्याच मोजून गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी करत नेल्या. सूज उतरली, दुखणं परतलं. तशातही अप्पा काठी टेकत, ज्यांना ज्यांना त्यांनी ती पूड सांगितली होती त्यांच्या घरी गेले. मी सोबत होते. एक जुना दोस्त भडकला, "पोरगी शिकली म्हणून आमचं सुख काढून घ्यायलास व्हय?"

"कामून चिडायलास? मला पण बरंच वाटायलं होतं," अप्पा म्हणाले, आणि त्याच्या ओट्यावर बसून राहिले. दोस्त डॉक्टरकडं यायला कबूल झाला, तेव्हाच उठले. उठताना त्यानंच त्यांना हात दिला.