आखूड अंगठा

लाटव्हियाच्या किनाऱ्यावरच्या त्या कोळीगावात आल्वीने नावाच्या बाईच्या हातचे लोकरी हातमोजे नाहीत असं घर नव्हतं. बाळ झालं, विण हातमोजे. पोरगी उजवली, विण. कुणी गेलं की कबर खणणाऱ्या चौघांना चार जोड द्यायची रीत. तेही हिनंच विणायचे.

फक्त स्वतःच्या नवऱ्याच्या नावाचे ते चार जोड तिनं कधी सुयांवर घेतले नाहीत. क्रिस्ताप्स अकरा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. होडी वाहत परत आली, तो नाही. "प्रेत दाखवा, मग रडते," असं ती फाडकन सांगायची आणि दर शरदात त्याच्यासाठी नवा जोड विणायची. दोरात सापडून त्याच्या एका अंगठ्याचं पेर तुटलं होतं, म्हणून एक अंगठा आखूड. वसंतात तो जोड समुद्रात सोडून द्यायची. हट्टी बाई, पण असा हट्ट धरायला छाती लागते.

तो तिला दिसायचाही. तिन्हीसांजेला दारात, ओलाचिंब, गप्प. तिला भीती वाटत नसे, बरंच वाटे.

त्या वर्षी ती अंगठ्यापाशी आली आणि सुया थांबल्या. आखूड कुठला? डावा की उजवा? संध्याकाळी तो आला तेव्हा तिनं आधी हात पाहिले. त्यानं ते पाठीमागे धरले होते.

"दाखव ना रे," ती म्हणाली. त्यानं दाखवले नाहीत.

सकाळी ती तडक नणंदेकडे गेली. झेल्मा अंगणात माशांना धुरी देत होती.

"झेल्मा, त्याचा कुठला अंगठा गं?"

"डावा. थांब हं... सुरी धरायचा तो... नाही गं वहिनी, नाही आठवत."

"सख्खी बहीण ना तू?"

"आणि तू बायको!" झेल्मा फणकारली. मग तिचाच चेहरा पडला. "वहिनी, विण आता ते चार जोड."

"आठवत नाही म्हणजे मेला का?"

"आपल्यातून चाललाय की गं. थोडा उरलाय तोवर मातीत ठेवू."

आल्वीने घरी परतली. आठवडाभर तिनं दार लावून विणलं. चार जोड, आठही अंगठे पुरते. प्रत्येक अंगठा विणताना तिला वाटत होतं, आपण त्याला ढकलतोय.

तिन्हीसांजेच्या सुमारास दफनभूमीत रिकामी कबर खणून झाली. चौघांनी हातमोजे चढवले. सगळ्यांत थोरल्या इंद्रिकिसनं टोपी काढली, फावडं उचललं आणि हळूच विचारलं, "लोटू ना माती, वहिनी?"

आल्वीने खड्ड्यात बघत राहिली. मग तिनं त्याचा हात धरला.

"जरा थांबा भावजी," ती म्हणाली. "त्याला येऊ तर द्या."