चांदीची मूठ नसलेलं पिस्तूल

मला सोडवलं ते हिवरखेडच्या एका पाटलीणबाईंनी. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना माझा संताप पुन्हा वर येणार आणि त्या भरात त्यांचं राहून जाईल. माझी शाळा लवकर सुटली. लिहिणं आडवंतिडवं होईल, ते चालवून घ्यावं.

मी कोकणातला, खाडीकाठचा. तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. जो तो अमरावतीला धावत होता, मीही धावलो. एका अडत्या शेठजींकडे कापसाच्या गाठींवर खुणा घालायचं काम मिळालं. घरी आई आणि धाकटी बहीण त्या कामावर जेवत होत्या. इतक्या लांब आलेल्याला एकच धास्ती असते. आपल्याबद्दल कोणी वावगं बोललं, तर 'छे हो, याला मी लहानपणापासून ओळखतो' असं म्हणणारं इथे कोणी नाही.

शेठजींच्या बागेतल्या बंगल्यात दर हिवाळ्यात एक शिकारी साहेब उतरत असे. मेळघाटात वाघ मारणारा म्हणून सगळ्या मुलखात त्याचं नाव. बाकीचे साहेब नव्या बंदुका मिरवत, पण याच्या कमरेला मात्र एक जुनाट चकमकीचं पिस्तूल. गारगोटीची ठिणगी पडल्याशिवाय न उडणारं, आजोबांच्या काळातलं. सेमाडोहच्या रानात जखमी वाघ अंगावर आला तेव्हा साहेबाने याच पिस्तुलाने त्याच्या जबड्यात गोळी घातली, असं लोक सांगत.

त्या वर्षी साहेब बंगल्यातच तापाने गेला. त्याचा धाकटा भाऊ सामान ताब्यात घ्यायला अकोल्याला आला. शेठजींनी पिस्तूल फडक्यात बांधून माझ्या हाती दिलं आणि अकोल्याच्या कचेरीत पोचतं करायला सांगितलं.

गाडीवानाची कटकट निघाल्यापासून सुरू. भरलेलं असेल, त्याचं तोंड बैलांकडे करू नको. मग माझ्या पाठीकडे करू नको. मागे वळवलं तर मागच्या गाडीवाल्याने आरडाओरडा केला. शेवटी आभाळाकडे तोंड करून ते धरून बसलो. अकोला येईतो हात भरून आले.

कचेरीत शिरस्तेदारांनी फडकं सोडलं, आत पाहिलं आणि मला विचारलं, "खरं कुठे आहे?"

मी म्हटलं, हेच. तर ते म्हणाले, साहेबाच्या पिस्तुलाला चांदीची मूठ होती. यावर तडा गेलेलं लाकूड आणि त्याला गुंडाळलेली तांब्याची तार. साहेबाच्या भावाने ते कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून एका पेन्शनीत निघालेल्या जमादाराला बोलावलं. तो म्हणाला, मूठ चांदीची तर होतीच, वर वाघाचं तोंड होतं आणि डोळ्यांत माणकं. कुठे पाहिलंत, विचारलं, तर म्हणे सारा मुलूख जाणतो. कोतवालाने त्याला दोन नळ्या होत्या म्हणून सांगितलं. मी शिरस्तेदारांना हात जोडून म्हटलं, रावसाहेब, एक म्हणतो माणकं, दुसरा म्हणतो दोन नळ्या, मग हे दोघे एकाच पिस्तुलाबद्दल बोलतात का, हे तरी विचारा. मला जास्त शहाणपणा करू नकोस म्हणून सांगण्यात आलं.

त्यांच्या मनात काय होतं ते उघड होतं. हा परमुलखातला पोरगा, वाटेत खरं पिस्तूल विकलं आणि बाजारातलं मोडकं आणून दिलं. शेठजींकडे माणूस पाठवला, तर शेठजींनी कळवलं, मी शस्त्रातला माणूस नाही, फडकं मी दिलं, आत काय होतं ते पोराला ठाऊक. इतकी वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याने एका निरोपात हात झटकले. अकोला सोडून जायचं नाही, असा मला हुकूम झाला आणि मी कचेरीच्या ओसरीवर पडून राहिलो.

शेवटची आशा हिवरखेडचे पाटील. मेळघाटात चढण्याआधी साहेबाचा तंबू दरवर्षी त्यांच्या आमराईत पडे. पाटील आले. त्यांनी पिस्तूल पाहिलं मात्र, त्यांचं बोट आपसूक त्या तांब्याच्या तारेकडे गेलं. ओळखलं, असं मी मनात म्हटलंसुद्धा. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. समोर जमादार, कोतवाल, शिरस्तेदार. आणि पाटलांनी गावाच्या पारावर बसून इतकी वर्षं काय सांगितलं असेल, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"नाही," पाटील म्हणाले. "ते चांदीचं व्हतं."

शिरस्तेदार म्हणाले, आता संध्याकाळी याला फौजदाराच्या हवाली करू.

मी बाहेर येऊन निंबाखाली बसलो. तिथे पाटलांची दमणी, पडद्याची हलकी बैलगाडी, उभी होती आणि पडद्याआड पाटलीणबाई. लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला त्या सोबत आल्या होत्या. मी रागाने स्वतःशीच पुटपुटत होतो, ते परमुलखातलं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, कुठचा रे तू. मी सांगितलं, समुद्राकडचा.

"समुद्र असते तरी केवढा?"

हे विचारायची ही वेळ होती का? मी म्हटलं, मोठा.

"पल्याडचं दिसते का नाई?"

"नाही दिसत."

त्या जणू त्या न दिसणाऱ्या काठाचाच विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "काहून रे बापू, असा तोंड पाडून काहून बसला?"

मी चिडूनच सगळं सांगितलं. आईचं, बहिणीचं, तुरुंगाचं. चांदीच्या मुठीपाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"चांदीची? कोन म्हनते?"

"सगळेच. तुमचे पाटीलही."

पडद्यामागे बराच वेळ काही हललं नाही. मग त्या खाली उतरल्या, पदर पुढे ओढला आणि "चाल" म्हणाल्या.

कचेरीच्या दाराआड उभ्या राहून त्या नवऱ्याशी हळू आवाजात काही बोलल्या. शिरस्तेदारांनी विचारलं, बाई काय म्हणतात? पाटील म्हणाले, काही नाही, बाजार राहिला म्हणते. बाई पुन्हा बोलल्या. आता काय म्हणतात? पाटील म्हणाले, बैलांना पाणी दाखवायचं म्हणते.

"बैल कवाचे पानी पेले," दाराआडून मोठ्याने आवाज आला. "त्या तमंच्याच्या तोंडात लाकडाचं बूच हाये, ते काढा. अंदर माह्या हातच्या फुलवाती नाई निंघाल्या, तं त्या पोराले खुशाल कोंडा."

कोणी जागचं हललं नाही. इतके दिवस ज्याच्यावर साक्षी चालल्या होत्या, त्याच्या नळीत डोकावून कोणी पाहिलं नव्हतं. भरलेलं असेल म्हणून. शिरस्तेदारांनी जमादाराकडे पाहिलं, जमादाराने छताकडे. मग मीच उठलो. बूच आत घट्ट बसलं होतं, ते दातांनी ओढलं. नळी उलटी केली, आणि शिरस्तेदारांच्या मेजावर पांढऱ्या शुभ्र फुलवाती पडायला लागल्या. देवापुढे तुपात लावायच्या असतात, तशा, शेंडा वळलेल्या.

बाई दाराआडूनच सांगत होत्या. रानातल्या दमट हवेत साहेबाच्या आगकाड्या पेटत नसत. रोज सांजेला त्याचा नोकर परसदारी कापूस मागायला येई. ही महागाई, आणि साहेब कापूस जाळून राहिला, म्हणून त्या मोजक्या फुलवातीच देत. साहेब एक वात काढून बारूद ठेवायच्या वाटीत ठेवी, चाप ओढी आणि तिच्यावर चिरूट शिलगावी. हे कुंपणाच्या फटीतून त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. उरलेल्या वाती भिजू नयेत म्हणून नळीत.

शिरस्तेदारांनी विचारलं, आणि सेमाडोहचा वाघ?

"वाघाचं मले ठावं नाई. चिरूट मातर रोज पेटवे."

साहेबाच्या भावाला शिरस्तेदारांनी हे समजावून सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, भावाची थोरवी गेली, आता हा माझ्यावर उखडणार. त्याने एक वात वाटीत ठेवली आणि चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. ठिणगी पडली, वात धुमसली, पेटली. तिच्यावर त्याने आपला चिरूट लावला आणि हलकेच काही म्हणाला. शिरस्तेदारांनी आम्हाला सांगितलं, आगकाड्या थोरल्या भावाच्या खिशात लहानपणापासून कधीच सापडत नसत म्हणे. पिस्तूल हेच, असं त्याने कबूल केलं, आणि मी सुटलो.

दारातून निघताना जमादार म्हणाला, "काहो पाटील, चांदी कुठी गेली?"

पाटील तडक दमणीकडे गेले. बाई नीट बसण्याआधीच त्यांनी बैल हाकले. मी मागे धावलो. काय बोलावं ते सुचेना. पडद्यातून बाई एवढंच म्हणाल्या, "जाय बापू, मायले सांगावा धाड."

पुढे कळलं, लेकीचं लग्न लागेपर्यंत पाटील बाईंशी बोलले नाहीत. आपल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडल्यावर घरी काय होणार, हे दमणीतून उतरतानाच त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर पडदा इतका वेळ हलला नव्हता. आणि मी तेव्हा चिडून बसलो होतो की या बाईला समुद्राचं काय पडलंय.

आता अकोल्यावरून मुंबईला आगगाडी जाते. तिथून आमच्या खाडीपर्यंत गलबत मिळतं. एक दिवस मी पाटलीणबाईंना न्यायला जाणार आहे. पल्याडचं दिसत नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. पाटलांनाही सोबत नेईन. परत गेल्यावर त्यांनी पारावर बसून समुद्र चांदीचा होता म्हणून सांगितलं, तरी मी अवाक्षर काढणार नाही.